दोन एक्के, डावा कौल

डोंबिवली पूर्व
९ नोव्हेंबर

आप्पा,

नमस्कार. साष्टांग वगैरे राग उतरल्यावर, आणि तो इतक्यात उतरेल असं वाटत नाही.

फोन केला की तुम्ही कट करता. धाकट्या सुदेशच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून एक शब्द न बोलता फोन त्याच्या हातात देता. दहा महिने हेच चाललंय. ठीक आहे, पत्र लिहिते. नौपाड्याच्या गल्ल्यांतून उभा जन्म टपाल वाटलेला माणूस स्वतःच्या नावाचं पाकीट न फोडता टाकणार नाही, एवढं मी तुम्हाला ओळखते. शिव्या घालत का होईना, वाचाल.

आईने काल गॅलरीचं दार ओढून घेऊन मला फोन केला. तिच्यावर ओरडू नका. तुम्ही वर्तकनगरच्या मार्केटात भाजीची पिशवी हातात असताना मटकन खाली बसलात, डोळ्यांपुढे अंधारी आली, दोन पोरांनी उचलून रिक्षात घातलं, हे मला पंधरा दिवसांनी कळतं! मी दिवसभर लॅबमध्ये दुनियेचं रक्त तपासते आणि माझ्या बापाला काय झालंय ते मला चोरून फोन आल्यावर कळतं. हृदयाची झडप अरुंद झालेय. पंढरीकाकाची झालेली तीच, तशीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या बदलायला हवी, लांबवू नका. आणि तुम्ही काय केलंत? गाडी पकडून गावाला गेलात. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, देवीच्या दोन्ही अंगांना पाकळ्या लावल्या, उजवी पडली तर करा, डावी पडली तर नको. डावी पडली. झालं! घरी येऊन जाहीर केलंत की ऑपरेशन नाही.

देवीशी माझं भांडण नाही, आप्पा. माझं भांडण तुमच्याशी आहे. काकाच्या वेळी कौल उजवा पडलेला. मी होते तिथे, तुमच्या शेजारी हात जोडून. उजवा पडला तरी काका गेला. तेव्हा गुरव काय म्हणाला, तर प्रश्न नीट विचारला गेला नाही. वा! मग आता डावा पडला तो बरोबर विचारल्यामुळे पडला हे कुणी ठरवलं?

पण पाकळी हे निमित्त आहे, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. खरी गोष्ट काका आणि मी. त्याचं ऑपरेशन करायचं की नाही म्हणून सगळे गप्प बसलेले तेव्हा मी म्हणाले, कर. डॉक्टरांनी सांगितलेलं, शंभरातले चार-पाच घरी येत नाहीत. काका त्या चार-पाचांत निघाला. तेराव्याला आत्याने सगळ्यांदेखत मला विचारलं, 'नसतं केलं तर असता ना गो तो?' आणि मी म्हणाले, 'निर्णय बरोबर होता.' तुम्ही ताटावरून उठलात. 'माझ्या भावाला पानासारखा लावलास डावावर,' म्हणालात. जुगारी म्हणालात, सगळ्या भावकीसमोर.

जुगारी! रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये चार डोकी चिंचोक्यांवर पोकर खेळतात, हा जुगार. आणि गणपतीत तुम्ही रात्ररात्र मेंढीकोट खेळता, दश्शी गेली की भिडूच्या सात पिढ्या काढता, ते जागरण! मला पानं पिसायला कुणी शिकवली? पंढरीकाकानेच ना? पाचवीत होते मी. त्याच्यासाठी रडायचा हक्क काय तुमच्या एकट्याच्या नावावर लिहून ठेवलाय?

ऑपरेशन करून घ्या. विनंती नाही करत, भांडतेय.

विनिता


१९ नोव्हेंबर

आप्पा,

आई सांगते की पत्र दोनदा वाचलंत, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलंत आणि बोललात काय, तर 'पिनकोड घातला नाही.' मी तिकडे काळीज काढून कागदावर ठेवलं आणि तुम्हाला पिनकोड दिसला! या पाकिटावर घातलाय बघा, मोठा.

मला एक सांगा. घंटाळी देवळाच्या मागे राहायच्या त्या देवयानीबाई आठवतात? विसरणं शक्य नाही. एकदा रिक्षाने डबक्यातलं पाणी उडवलं, तुमच्या पिशवीतलं एकच पत्र भिजून लगदा झालं, आणि ते नेमकं बाईंचं निघालं. तुमची काही चूक नव्हती. पण त्यानंतर बाई भेटेल त्याला सांगत सुटल्या, ह्या पोस्टमनचा भरवसा नाही हो. तुम्ही घरी येऊन चपला कोपऱ्यात भिरकावायचात. 'उन्हातान्हात बाकीची हजारो पत्रं दिली ती काय हिच्या बापाने दिली? एक भिजलं तेवढंच दिसलं?' मी सातवीत होते, अजून कानात आहे.

बरोबरच चिडायचात तुम्ही. अगदी बरोबर. मग आज तुम्ही देवयानीबाई का झालात?

आता माझा जुगार ऐका. पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती ज्याची त्यालाच दिसतात; बघून चिंचोके लावायचे, नाहीतर पानं टाकून द्यायची. मग मध्ये पाच पानं उघडायची, ती सगळ्यांची. या सातांतली पाच घेऊन ज्याची जमवाजमव भारी, त्याचे सगळे चिंचोके. संपलं, यापेक्षा मेंढीकोट अवघड आहे. सगळ्यात भारी सुरुवात म्हणजे हातात दोन एक्के येणं. समोर एकच गडी असेल तर एक्के सातांतल्या साधारण सहा वेळा जिंकतात. एकदा हरतात. हे हरणं सांगून सवरून येत नाही. कधी पहिल्याच डावाला येतं, कधी लागोपाठ दोनदा येतं, कधी महिनाभर फिरकत नाही. नवीन माणूस हरला की एक्क्यांवर रुसतो. आणि सत्ती-दुर्री घेऊन बसलेला एखादा येडा जिंकला की तो स्वतःला मोठा खेळाडू समजतो. एका दुपारच्या खेळावरून कुणाला काही कळत नाही, आप्पा. तिथे फक्त नशीब दिसतं. खेळ दिसायला खूप डाव जावे लागतात.

म्हणून आम्ही डाव संपला की कोण जिंकलं ते विचारतच नाही. विचारतो ते असं, की मधली पानं उघडायच्या आधी, जेवढं माहीत होतं तेवढ्यावर, तू बरोबर खेळलास का? काकाच्या वेळी मी एवढंच म्हणाले होते. तेराव्याच्या पंगतीत म्हणायला नको होतं असं आई म्हणते. असेल. पण विचारलं मला, आणि खोटं बोलायला तुम्ही शिकवलं नव्हतंत.

डॉक्टरीणबाईंकडे जा. नुसतं बोलून या.

विनिता


२८ नोव्हेंबर

आप्पा,

तुमचं कार्ड मिळालं. दोन ओळी. 'शंभर माणसं तुझी. मला भाऊ एकच होता.' खाली सही नाही, आशीर्वाद नाही. पिनकोड मात्र ठसठशीत.

ते हातात धरून मी ओट्यापाशी उभी राहिले आणि भात करपला. ऋतुराज म्हणाला, काय झालं? मी म्हणाले, तुझ्या सासऱ्याने दोन ओळींत मला गप्प बसवलं. दोन दिवस धुमसत होते. लॅबमध्ये एका पेशंटवर विनाकारण खेकसले, त्याची माफी मागावी लागली.

आता उत्तर सुचलंय. ऐका. मलाही काका एकच होता. आणि बाप तर त्याहून एकच आहे! शंभर माणसं कुणाचीच नसतात, आप्पा. पण गड्डीतून एकच पान ओढायचंय म्हणूनच तर गड्डीत काय काय आहे ते आधी बघायचं असतं. हजार वेळा ओढायला मिळणार असतं तर मी कशाला इतकी भांडले असते? एकदा वाईट आलं, दुसऱ्यांदा चांगलं येईल म्हणून निवांत बसले असते.

आणि एक गोष्ट तुम्ही सगळे सोयीस्कर विसरता. ऑपरेशन न करणं म्हणजे तुम्ही खेळातून उठलात आणि घरी सुखरूप बसलात असं नाही. तीही एक गड्डीच आहे. तुमची झडप जितकी अरुंद झालेय आणि तुम्हाला जशी चक्कर आली, तशी निम्मी माणसं दोन वर्षांत जातात. हे मी नाही म्हणत, डॉक्टरीणबाईंनी तुमच्यासमोर आईला सांगितलं आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात. एका गड्डीत शंभराला चार-पाच वाईट पानं, दुसरीत पन्नास. तुम्ही दुसरी उचलताय, आणि वर मला जुगारी म्हणताय!

एवढाच माझ्या पोकरचा तिटकारा असेल तर एकदा येऊन बघा तरी. रविवारी दुपारी चार वाजता. मी, ऋतुराज, माझी लॅबमधली मैत्रीण कृतिका आणि वरच्या मजल्यावरचा मुकुल. चहा-भजी मिळतील. माझ्याशी बोलू नका हवं तर. बघून जा आणि मग शिव्या द्या.

विनिता


८ डिसेंबर

आप्पा,

आलात. आलात ते बरं केलंत. लिफ्ट असूनही दारात आल्यावर भिंतीला हात लावून उभे राहिलात, ते मी पाहिलं. श्वास लागलेला कुणाला दिसू नये म्हणून चपला काढायला केवढा वेळ लावलात, तेही पाहिलं.

पण बाकीची दुपार! देवा रे देवा. सुदेशला म्हणालात, 'तिला सांग, पाणी दे.' मी समोर उभी, हातात पाण्याचा तांब्या! ऋतुराजला, 'जावईबापू, तिला म्हणावं पानं वाट.' कृतिका तोंडात ओढणी कोंबून हसत होती.

आणि खेळलात कसे, तर काहीही हातात येऊ दे, सोडायचं म्हणून नाही. सत्ती-दुर्री! अख्ख्या गड्डीत यापेक्षा भिकार जोडी सापडायची नाही. समोर ऋतुराजकडे दोन राजे. तुम्ही मूठभर चिंचोके सरकवलेत. शिकवायला तुमच्या मागे उभी राहून मी म्हणाले, आप्पा, टाका. ऐकाल तर शपथ. आणि मध्ये काय यावं? आणखी दोन सत्त्या! राजे गेले चुलीत. तीन सत्त्या मांडून तुम्ही मुकुलकडे बघून म्हणालात, 'तिला सांग, हिशेब शाळेत ठेवून ये.' दुपारभर हेच. जे मागाल ते पान येत होतं.

मला इतका संताप आला की भजी तळताना झारा आपटला. तुम्ही चुकीचं खेळून जिंकत होतात आणि त्यातून नेमकं तेच शिकून चालला होतात जे शिकायला नको. ऋतुराज मला म्हणतो, 'अगं, तूच सांगतेस ना एका दुपारवरून काही कळत नाही? मग तू का चिडतेस?' त्याला आज जेवायला दुधी केला.

शिवाय जाताना सगळे चिंचोके पिशवीत भरून घेऊन गेलात! जिंकले म्हणून! आता पुढच्या रविवारी आम्ही कशाने खेळायचं?

घेऊन या ते. स्वतः या.

विनिता


२२ डिसेंबर

आप्पा,

हे पत्र मी चिडून लिहायला घेतलं नाही. लिहिता लिहिता चिडेन.

मागच्या रविवारी तुम्हाला पहिल्यांदा दोन एक्के आले. बरोबर खेळलात, अगदी बरोबर. मुकुलकडे दोन नव्व्या, आणि शेवटच्या पानाला त्याला तिसरी नव्वी लागली. गेले सगळे चिंचोके. तुम्ही हसून सोडून दिलंत. मला वाटलं, चला, आप्पांना समजलं.

काल परत एक्के आले. आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. तुम्ही पानं उचललीत, बघितलीत, आणि उलटी करून सरकवलीत. टाकलेली पानं बघायची नसतात, पण मुकुल तो मुकुल, त्याने उलटवली. इस्पिकचा एक्का आणि बदामचा एक्का. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की समोरच्या फ्लॅटमधलं कुत्रं भुंकायला लागलं. एक्के टाकले? आप्पा, एक्के?

तुम्ही ऋतुराजला म्हणालात, 'गेल्या रविवारी ह्यांनीच दगा दिला, जावईबापू. पुन्हा कोण ह्यांच्या नादाला लागेल?'

आणि मग तुमचा हात चहाच्या कपाकडे गेला आणि तिथेच थांबला.

मुकुलला मधली पानं उघडून बघायची होती, एक्के जिंकले असते का ते. मी गड्डीवर हात ठेवला. बघू दिलं नाही. कारण ते जिंकले असते तरी टाकणं चूक होतं आणि हरले असते तरी टाकणं चूकच होतं. बघून फक्त कुणाची तरी समजूत निघाली असती. तुम्ही माझ्या हाताकडे बघत होतात. मग मी न भांडता पुढचा डाव वाटला. माझ्या जन्मात असं पहिल्यांदा झालं असेल.

काल बोलले नाही ते आता लिहिते. गेल्या रविवारच्या एक्क्यांनी तुमचं काही वाकडं केलं नव्हतं. डाव गेला, एवढंच झालं. काकाचा डाव गेला, आप्पा. तो गेला म्हणून तुम्ही तुमचा बघायच्या आधीच फेकून देताय. काकाला हे चाललं असतं? मेंढीकोटात हुकमाचं पान दाबून ठेवलं की तो तुमच्या डोक्यात टपली मारायचा. आज असता तर टपलीवर भागलं नसतं.

सुदेश सांगतो की हल्ली तुम्ही जिन्याच्या दोन पायऱ्या चढून रेलिंगला धरून उभे राहता आणि खाली रस्त्यावर काहीतरी बघतोय असं दाखवता. किती दिवस दाखवणार आहात?

विनिता


१४ जानेवारी

आप्पा,

तिळगूळ पाठवतेय सुदेशबरोबर. गोड मात्र बोलणार नाही.

आत्याचा फोन आला सकाळी. रडत, हसत. 'देवीने बुद्धी दिली गो! विठ्ठल परत गावाला गेला, कौल लावला, या खेपेला उजवा पडला! ऑपरेशनला हो म्हणाला!' मी फोन ठेवला आणि आधी आनंदाने रडले, हे कबूल करते. मग तोंड धुतलं आणि जो संताप आला!

दोन महिने मी घसा कोरडा करतेय. पानं लिहून लिहून हात दुखला. आईला रोज फोन, सुदेशला रोज फोन, डॉक्टरीणबाईंशी बोलणं. कुणाला वाटेल मी तुमच्याकडे काही मागतेय! आणि हे सगळं पाण्यात. ओली पाकळी उजवीकडून घसरली आणि तुम्हाला पटलं. म्हणजे डावीकडून घसरली असती तर? तर माझा बाप मेला असता, हेच ना? माझ्या बापाचा जीव एका पाकळीच्या ओलीवर अवलंबून होता आणि मी येडी सात पानं आणि पाच पानं समजावत बसले.

आणि आता पुढचं ऐका. तुम्ही बरे होऊन घरी आलात, म्हणजे येणारच आहात, की सगळ्या भावकीत पाकळी खरी ठरणार. आत्या दहा जणांना सांगणार. ते दहा जण आपापल्या आजाऱ्याला घेऊन गावाला जाणार. त्यांतल्या कुणाला डावा पडेल तेव्हा? त्यांच्या घरी माझ्यासारखी भांडकुदळ पोरगी नसली तर?

जाऊ दे. हो म्हणालात ना. कसंही म्हणालात. दहा फेब्रुवारीला मी रजा टाकलेय.

विनिता


ठाणे, हॉस्पिटल
१० फेब्रुवारी

आप्पा,

तुम्ही आत आहात. दाराच्या वर लाल दिवा लागलाय. आई बाकावर बसून जप करतेय, मण्यांवरून बोटं भराभर चाललीत. मी रिसेप्शनवरून कागद मागून आणला. पाकीट आणि तिकीट पर्समध्ये होतं, हल्ली असतंच.

सकाळी तुम्हाला आत नेल्यावर सुदेश चहा घेऊन आला आणि माझ्या शेजारी बसला. मग म्हणाला, 'ताई, तुला सांगू नको म्हणालेत. पण मला आता नाही राहवत. गावाला दुसऱ्यांदाही डावाच पडला.'

'डावा?' मी म्हणाले.

'डावाच. गुरव म्हणाला, व्हय महाराजा म्हणून आणखी एकदा लावू. आप्पा म्हणाले, नको. देवीला नमस्कार केला, टोपी घातली, बाहेर आले. बसची वाट बघत होतो तेव्हा म्हणाले, घरी उजवा सांगायचा. नाहीतर तुझी आई नि आत्या झोपायच्या नाहीत. मी म्हटलं, आणि तुम्ही? तर म्हणाले, एक्के आहेत रे. टाकायचे नाहीत.'

आप्पा, जानेवारीपासून मी तुमच्यावर दात खाऊन बसलेय! तिळगुळाबरोबर नको नको ते लिहिलं. आणि तुम्ही ते वाचून, घडी करून, खिशात ठेवून गप्प बसलात? एक कार्ड टाकायला काय झालं होतं? दोन ओळी. पिनकोडसकट. मला किती बरं वाटलं असतं! आणि तेवढ्याचसाठी मुद्दाम नाही टाकलंत, ओळखते मी तुम्हाला.

आणि सकाळचं ते काय होतं? तेरा महिने माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. स्ट्रेचरवर झोपलेले, अंगात हिरवा झगा, हातात सुई, दात काढून आईकडे दिलेले. वॉर्डबॉय स्ट्रेचर ढकलायला लागला तेव्हा तुम्ही हात वर करून त्याला थांबवलंत. मला वाटलं, पाणी मागताय.

'विनिता गो,' म्हणालात. 'उलटं झालं तर तेराव्याला परत तेच सांग. मोठ्याने सांग. कोण ताटावरून उठला तर त्याला खाली बसव.'

असं बोलतात का ऐन वेळी? आईसमोर? मी तुमच्यावर तिथल्या तिथे ओरडणार होते, पण तेवढ्यात दार लागलं.

एक गोष्ट तुम्हालाच सांगते, बाकी कुणाला नाही. तुम्ही आत गेल्यावर मी खाली गेले. रिसेप्शनजवळ गणपती आहे. जास्वंदीचं फूल वाहिलं आणि मग तिथेच उभी राहिले. कितीतरी वेळ. ते फूल घसरतंय का, कुठल्या बाजूला घसरतंय, बघत. मी! माझी मला इतकी चीड आली की पायऱ्या चढून वर आले, लिफ्टची वाटही बघितली नाही. फूल हललं नाही. ते तसंच आहे अजून.

मला भीती वाटतेय, आप्पा. शंभरातले चार-पाच मला पाठ आहेत, आणि त्या चार-पाचांना काका असतो, बाप असतो, हेही पाठ आहे. तुमचं ते कार्ड माझ्या पर्समध्ये आहे. एकच होता, म्हणालात. एकच आहे.

आता उठते. हॉस्पिटलच्या गेटसमोर लाल पेटी आहे, दुपारी उघडतात. दिवा विझायच्या आत हे पत्र त्या पेटीत पडलं पाहिजे. शिक्का आजचा बसेल. पोस्टाचा शिक्का काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. आतून डॉक्टर येऊन काहीही सांगू देत, हे आधी लिहिलंय हे त्यावरून कळेल. नंतर लिहिलं तर कुणालाही म्हणता येईल, आता काय, झालं ते बघून बोलतेय.

निर्णय बरोबर होता. काकाचाही, तुमचाही.

पिनकोड घातलाय. पाकिटावर नाव तुमचंच आहे, तेव्हा फोडायचं तुम्हीच.

विनिता